संगणकाच्या पडद्यावरचे भोंदू वैद्य



हुमणी, काणी, खोडकिडा यांविषयी आम्ही या पत्रिकेतून वेळोवेळी लिहीत आलो आहोत. या अंकातला रोग उसावरचा नाही. तो संगणकाच्या पडद्यावरचा आहे; आणि नीट पाहू जाता तो रोगच नाही, रोग झाल्याचे सोंग आहे. आमची पदविका शेतीची, संगणकाची नव्हे. तेव्हा शेतकी खात्याने या भानगडीत का पडावे, असे कोणी म्हणेल. उत्तर सरळ आहे. उसाचे बिल आता बँक खात्यावर जमा होते. सातबारा संगणकावर निघतो. मुलांचा अभ्यास आणि घरातल्या थोरल्याची नोकरी त्याच यंत्रावर चालते. त्या यंत्रात चोर शिरला, तर तो वर्ष-दीड वर्ष जोपासलेल्या उसाच्या पैशापर्यंत जाऊन पोहोचतो. खत-पाण्याचे सांगणाऱ्या खात्याने पिकाच्या पैशाची राखणही सांगितली, तर ती हद्द ओलांडणे होऊ नये.

या पावसाळ्याच्या तोंडी शेअर्सच्या वारस नोंदी आणि बँक खात्यांची माहिती पुरी करण्याचे काम खात्याकडे होते. जमीन गावी, शेअर्स गावी, पण संसार नालासोपाऱ्यात किंवा विरारला, असे आपले सभासद पुष्कळ आहेत. एक भाऊ शेत करतो, दुसरा लोकल धरून मुंबईला नोकरीला जातो. अशांच्या सह्या घेण्यासाठी आम्ही, गट ऑफिसचे लिपिक आणि एक चिटबॉय असे तिघे जण वसई-विरार पट्ट्यात तीन दिवस फिरलो. वसईत उतरल्यावर शेतकी माणसाला एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटिअरमध्ये वसईच्या बागायतीत केळीबरोबर उसाचीही नोंद आहे. आता पश्चिमेकडच्या गावांत केळी, फुले, पानवेली आणि भाजीपाला तग धरून आहेत. बाकी सगळी इमारतींची लागण. २००९ मध्ये वसई-विरार शहर महानगरपालिका झाली, २०१४ मध्ये ठाणे जिल्हा विभागून पालघर जिल्हा निघाला. असो.

सह्यांच्या कामात दोन घरांत आणि वसई पूर्वेच्या वालीव भागातल्या एका गाळ्यात आम्हाला एकच पेटी पाहायला मिळाली. पेटी म्हणजे पडद्यावर उघडणारी चौकट. तिला पॉप-अप म्हणतात. लालभडक रंग, वर ढालीचे चित्र, एखाद्या नावाजलेल्या कंपनीचे नाव, आणि मजकूर असा की, तुमच्या संगणकात पाच व्हायरस सापडले आहेत, बँकेची माहिती धोक्यात आहे, संगणक बंद करू नका, ताबडतोब खालच्या नंबरावर फोन करा. खाली एक पट्टी सरसर धावत असते. मधूनच भोंगा वाजतो, नाहीतर बाई इंग्रजीत दटावून बोलते. फुलीवर दाबले तर पेटी जाण्याऐवजी दुसरी उघडते.

नालासोपाऱ्याच्या घरात वहिनी हातात मोबाईल घेऊनच बसल्या होत्या.

"बरं झालं आलात साहेब. ह्याच्यात पाच व्हायरस निघालेत. खाली नंबर दिलाय, आता लावणारच होते."

"कोणी सांगितलं वहिनी, पाच निघालेत म्हणून?"

"ह्यानंच की. आत्ता माझ्या डोळ्यांदेखत तपासलं."

थोरला अंधेरीला कामावर, त्याचा फोन लागत नव्हता. त्याच लॅपटॉपवर त्याचे बँकेचे व्यवहार, आणि गावच्या उसाचे बिलही त्याच खात्यावर. आमच्याबरोबरचा चिटबॉय पुढे झाला. त्याने कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली. टास्क मॅनेजर नावाची यादी उघडली. तिच्यात इंटरनेट पाहण्याचा जो प्रोग्रॅम चालू होता, तो निवडून एंड टास्क केले. पेटी गेली, भोंगाही थांबला.

"गेला व्हय?"

"गेला, वहिनी."

"आन् ते पाच व्हायरस?"

"ते नव्हतेच."

वहिनींचा विश्वास बसायला चहा होईपर्यंतचा वेळ लागला. त्यात त्यांचे काही चुकले असे आम्हाला वाटत नाही. पेटी तयारच अशी केलेली असते की माणसाने विचार करायच्या आत फोन उचलावा.

ही लबाडी ओळखायला संगणकाचे शिक्षण लागत नाही. शेतकऱ्याने ती आधीच पाहिलेली आहे. जीपमधून येणारे टॉनिकवाले आठवा. बांधावर उतरतात, मूठभर माती डबीत घालतात, वरून कसले तरी पाणी ओततात, रंग बदलतो, आणि तोंड लांब करून सांगतात, अण्णा, जमीन चोपण व्हायला लागली. औषध अर्थातच त्यांच्या जीपमध्ये तयार असते. आता खरे माती परीक्षण आठवा. शेतात नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणी नऊ इंच खोल व्ही आकाराचे खड्डे घ्यायचे, माती एकत्र करायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, असे अर्धा किलो उरेपर्यंत करायचे, सावलीत वाळवायचे आणि प्रयोगशाळेत पाठवायचे. तपासणीला वेळ लागतो आणि निकाल सांगणारा प्रत्येक वेळी औषध विकत नसतो.

संगणकाचेही तसेच. पूर्ण तपासणीत हजारो, लाखो फायली एकेक करून पाहाव्या लागतात. त्यात तास-दीड तास सहज जातो. दहा सेकंदांत निकाल सांगणारी ती धावती पट्टी हे नुसते चित्र आहे. आणि मुख्य गोष्ट अशी की, इंटरनेटवर उघडलेल्या पानाला तुमच्या संगणकातल्या फायली तपासताच येत नाहीत. ते पान म्हणजे बांधावर उभा असलेला माणूस. बांधावरून त्याला जमिनीखालची हुमणी दिसेल काय? तरी तो मोजून पाच अळ्या सांगतो, तेव्हा काय समजायचे ते समजावे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने तर स्वच्छ सांगून ठेवले आहे की, त्यांच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीही नसतो. पेटीत फोन नंबर दिसला की तेवढ्यावरच निकाल लावावा.

फोन केलाच तर पुढे काय होते, तेही सांगतो. पलीकडचा गृहस्थ अदबीने बोलतो. एक छोटा प्रोग्रॅम उतरवून घ्यायला सांगतो. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर अशी त्यांची नावे असतात. हे प्रोग्रॅम मुळात खोटे नाहीत, दूर बसून संगणक दुरुस्त करण्यासाठी ते रीतसर वापरले जातात. पण अनोळखी माणसाला तो चालवू देणे म्हणजे घराची किल्ली देणेच. मग तो इव्हेंट व्ह्यूअर नावाची यादी उघडतो. तिच्यात लाल-पिवळ्या खुणा असतात. प्रत्येक चांगल्या संगणकात त्या असतातच. यंत्र आपल्या बारीकसारीक अडचणींची ती टिपणवही ठेवत असते. हा माणूस त्यांनाच व्हायरस म्हणून दाखवतो. उसाची खालची पाने वाळणारच, त्याचेच पाचट होते. कोणी ते वाळलेले पान दाखवून उसाला रोग पडला म्हणू लागला, तर आपण त्याला फडाबाहेर काढू. दुसरी युक्ती अशी की एक काळी खिडकी उघडून त्यात फॉरिन अ‍ॅड्रेस असे शब्द दाखवायचे आणि परदेशातले चोर आत शिरले म्हणून सांगायचे. फॉरिन म्हणजे तिथे फक्त पलीकडचा, दुसऱ्या टोकाचा संगणक. इतका साधा अर्थ आहे. मग खोटे औषध विकले जाते, नाहीतर पैसे परत देण्याच्या बहाण्याने बँकेचे पान उघडायला लावतात, आणि खरी चोरी तेथे होते.

हा धंदा जुना आहे. २००८ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने इनोव्हेटिव्ह मार्केटिंग या कंपनीविरुद्ध न्यायालयात दावा केला. विनफिक्सर, ड्राइव्हक्लीनर, एररसेफ, एक्सपी अँटिव्हायरस अशी तिच्या मालाची नावे होती. नावे ऐकून कोणालाही औषधच वाटावे. कमिशनच्या म्हणण्याप्रमाणे दहा लाखांवर ग्राहकांनी हा निरुपयोगी माल विकत घेतला. पुढे २०१२ मध्ये या प्रकरणातल्या एका व्यक्तीवर न्यायालयाने १६ कोटी ३० लाख डॉलरच्या वर रकमेचा हुकूमनामा केला. २००९ च्या सप्टेंबरमध्ये तर न्यूयॉर्क टाइम्ससारख्या मोठ्या दैनिकाच्या इंटरनेट आवृत्तीवर ही खोटी पेटी वाचकांना दिसली. भामट्यांनी एका नामांकित टेलिफोन कंपनीच्या नावाने जाहिरातीची जागा घेतली आणि शनिवार-रविवार गाठून जाहिरात बदलली. म्हणजे आपण चांगल्या ठिकाणी गेलो होतो, एवढ्याने पेटी खरी ठरत नाही.

आता यातला जो भाग आम्हाला सर्वांत जड गेला, तो सांगतो. पेटी पाहणारा माणूस वसईत, विरारमध्ये, नाहीतर आपल्या गावात असतो. पण पेटीतल्या नंबरावर जो फोन उचलतो, तोही पुष्कळदा आपल्याच देशात बसलेला असतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या तक्रारीवरून पोलिसांनी दिल्लीजवळच्या गुरुग्राम आणि नोएडा येथील सोळा कॉल सेंटरांवर छापे घातले. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने ऑपरेशन चक्र-२ या नावाने देशभर ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या. त्यांतल्या काही प्रकरणांत हाच प्रकार होता: परदेशी माणसाच्या पडद्यावर पेटी, पेटीत फोन नंबर, आणि नंबराच्या दुसऱ्या टोकाला हिंदुस्थानातली खोली.

आणि वसईची खाडी ओलांडली की पलीकडे मीरा रोड. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी रात्री तेथल्या कॉल सेंटरांवर छापे घातले आणि सातशेहून अधिक जणांना ताब्यात घेतले. त्यांचे काम व्हायरसच्या पेटीचे नव्हते. ते अमेरिकेतल्या लोकांना करखात्याचे अधिकारी असल्याचे सांगून अटकेची भीती घालीत. पण चाल तीच. आधी घाबरवायचे, मग घाई करायची, मग पैसे घ्यायचे. त्या सातशेंतले बहुतेक नुकते शिकून बाहेर पडलेले मुलगे-मुली होत्या. इंग्रजी नाव घ्यायचे, हातात दिलेला कागद वाचायचा, रात्रभर बोलायचे. २०२० पासून मीरा-भाईंदर आणि वसई-विरार मिळून एकच पोलीस आयुक्तालय आहे.

हे लिहिण्याचे कारण असे की, विरारला एका घरी सह्या घेताना सभासदाच्या धाकट्या मुलाने आम्हाला विचारले, काका, रात्रपाळीचे काम मिळतेय, अमेरिकन प्रोसेस म्हणतात, पगार चांगला आहे, घेऊ का? बारावी झालेला, बोलायला चुणचुणीत. आम्ही त्याला चार गोष्टी विचारल्या. नेमणुकीचे पत्र मिळणार का? पगार खात्यावर की रोख? स्वतःच्या नावाने बोलायचे की दुसऱ्या? आणि ज्या कंपनीच्या नावाने फोन करायचा, ती कंपनी खरेच तुमची मालक आहे का? पहिल्या दोन प्रश्नांना तो गप्प राहिला, तिसऱ्याला म्हणाला, नाव कायतरी जॉन-बिन ठेवणार म्हणत होते. खऱ्या कॉल सेंटरचे काम इज्जतीचे आहे आणि त्यावर हजारो घरे चालतात. त्याला आमचा आक्षेप नाही. पण दुसऱ्याच्या नावाने, खोटी ओळख सांगून संगणकाच्या साहाय्याने फसवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ ड कलमाखाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. छापा पडतो तेव्हा मालक खोलीत असतोच असे नाही. फोन धरून बसलेला पोरगा मात्र असतो. ज्यांची मुले त्या बाजूला कामाच्या शोधात आहेत, त्या सभासदांनी हे चार प्रश्न मुलांना जरूर विचारावेत.

आता उपायाकडे येऊ. पेटी घालविण्याचा पहिला उपाय वर आलाच आहे. पेटीतल्या कुठल्याही बटणाला, फुलीलासुद्धा, हात लावू नये. पुष्कळदा ती फुली खोटी असते. पूर्ण पडदा व्यापला असेल तर एस्केप बटण काही सेकंद दाबून धरावे, नाही जमले तर टास्क मॅनेजर. तेही जमले नाही तर संगणकाचे पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरावे, तो बंद होईल. संगणक बंद करू नका, ही धमकी खोटी असते. पुन्हा सुरू केल्यावर आधीची पाने परत उघडू का, असे प्रोग्रॅम विचारील, तेव्हा नाही म्हणावे.

पण काहींची तक्रार वेगळी असते. पेटी जाते आणि पुन्हा येते. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली दर पाच-दहा मिनिटांनी एक चिठ्ठी उगवते: व्हायरस सापडला, मुदत संपली, आता दाबा. वालीवच्या गाळ्यातल्या मुलाने या चिठ्ठ्यांना कंटाळून दोन वेळा संगणक पुसून घेतला होता, दुकानदाराला पैसे दिले होते. पहिल्या खेपेनंतर चिठ्ठ्या पंधरा दिवसांत परत आल्या.

हा लव्हाळा आहे. लव्हाळा वरून खुरपला तर आठ दिवसांत परत हिरवा होतो, कारण त्याची गाठ जमिनीत राहते. उलट खुरपताना गाठी सुट्या होऊन जास्त पसरतात. या चिठ्ठ्यांची गाठ कुठे आहे ते पाहिले पाहिजे. होते असे की आपण क्रिकेटचा सामना, सिनेमा किंवा परीक्षेचा निकाल पाहायला कुठल्या तरी पानावर जातो. ते पान विचारते, सूचना पाठवू का? खाली अलाऊ आणि ब्लॉक अशी दोन बटणे. कधी कधी लबाडी अशी की, तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा, असे लिहिलेले असते. दाबले की त्या पानाला तुमच्या पडद्यावर केव्हाही चिठ्ठी टाकण्याचा परवाना मिळाला. मग ते पान बंद असले तरी चिठ्ठ्या येत राहतात. हा व्हायरस नाही, म्हणून अँटिव्हायरसला तो सापडतही नाही. परवाना आपण दिलेला असतो, तो आपणच काढून घ्यायचा.

गाठ काढण्याची जागा अशी. क्रोममध्ये उजवीकडे वर तीन ठिपके असतात. ते दाबून सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. तिथे ज्या पानांना परवानगी दिली आहे त्यांची यादी दिसते. ओळखीचे नसेल ते नाव काढून टाकावे किंवा ब्लॉक करावे. वर एक सोय अशीही आहे की यापुढे कोणत्याच पानाने असे विचारू नये. ती चालू करून ठेवलेली बरी. इतर प्रोग्रॅममध्ये थोड्या फरकाने हेच मिळते. मोबाईलवर चिठ्ठी आली तर ती बोटाने दाबून धरावी. कोणत्या पानाची किंवा कोणत्या अ‍ॅपची आहे ते तिथेच कळते आणि तिथेच बंद करता येते. वालीवच्या त्या यादीत सतरा नावे निघाली. ती काढायला चिटबॉयला चहा थंड होण्याइतकाही वेळ लागला नाही.

एवढे करूनही पेट्या येत राहिल्या तर दोन जागा अजून पाहाव्यात. एक्स्टेन्शन्स नावाच्या यादीत न मागता चिकटलेले काही असेल ते काढावे. मग संगणकावर बसविलेल्या प्रोग्रॅमची यादी तारखेप्रमाणे लावून, त्रास सुरू झाला त्या सुमारास काय बसले ते पाहावे. क्लीनर, बूस्टर, डॉक्टर, प्रोटेक्टर अशा नावाची जी मंडळी आपण बोलावली नव्हती, त्यांना निरोप द्यावा.

सगळ्याच चिठ्ठ्या खोट्या नसतात, हेही सांगितले पाहिजे. नवा लॅपटॉप घेताना त्यात एखाद्या खऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस ठराविक मुदतीसाठी फुकट घालून दिलेला असतो. मुदत संपली की तो पैशासाठी मागे लागतो. तो भामटा नव्हे, पण वसुलीवाल्यासारखा दारात बसतो. नको असेल तर रीतसर काढून टाकावा. तो निघाला की विंडोजमधला डिफेंडर आपणहून राखणीला उभा राहतो. विंडोजच्या हल्लीच्या आवृत्त्यांत डिफेंडर फुकटच असतो. विंडोज सिक्युरिटी हे पान उघडून महिन्यातून एकदा फुल स्कॅन करावे, ते मायक्रोसॉफ्टचेच. मात्र विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला आहे. जुन्या संगणकांवर त्याची खरी सूचनाही येते आणि तिचे सोंग घेतलेली खोटीही. खरे काय ते सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेट या पानावर पाहावे, पेटीत नव्हे. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रानेही २०१७ पासून संगणक साफ करण्याची साधने विनामूल्य ठेवलेली आहेत.

ज्यांना विकतचाच अँटिव्हायरस हवा असेल त्यांनी तो दुकानातून पावतीसह घ्यावा. क्विक हील हा अँटिव्हायरस सातारा जिल्ह्यातल्या दोन भावांनी पुण्यात उभा केला, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. थोरले कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले. धाकटे संजय यांनी संगणकाचे शिक्षण घेऊन नव्वदीच्या दशकात व्हायरस काढणारे प्रोग्रॅम लिहिले. २०१६ मध्ये त्यांची कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली. आम्ही जाहिरात करीत नाही. दुरुस्तीच्या टेबलावरून निघालेला खरा वैद्य कसा असतो, एवढ्यापुरते लिहिले.

मोबाईलबाबत एक इशारा. पीएम किसानचा हप्ता अडकला, वाहनाचा दंड झाला, बँकेची केवायसी राहिली, असे सांगून व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके नावाची फाईल पाठवतात. ती बसवली की ओटीपीचे संदेश चोराकडे जाऊ शकतात. कारखाना ऊस नोंदीसाठी किंवा बिलासाठी अशी कोणतीही फाईल पाठवत नाही. आली तर उघडू नये, गट ऑफिसला दाखवावी.

पैसे गेलेच तर? वालीवच्या ज्या मुलाचा उल्लेख वर केला, त्याने पुढे एकदा पेटीतल्या नंबरावर फोन केला होता. रक्कम लिहीत नाही. खोडव्याच्या एक एकराच्या बिलाएवढी होती. त्याने अकरा दिवस ते कोणालाच सांगितले नाही. बापाला कळले तर काय म्हणेल, ही भीती. आमच्यासमोरच त्याने शेवटी गावी फोन लावला. त्याचे वडील आमचे जुने सभासद. ते एवढेच म्हणाले, "अरे, पहिल्याच दिवशी बोलला असतास तर मी सकाळी बँकेच्या दारात जाऊन बसलो नसतो का?" हे दोघांच्या संमतीने, नाव न घालता छापत आहोत.

अशा वेळी तास मोजावेत. आधी संगणकाचे इंटरनेट तोडावे. मग दुसऱ्या फोनवरून १९३० या क्रमांकावर तक्रार द्यावी आणि लगोलग बँकेला कळवून खाते व कार्ड थांबवावे. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पानावरही तक्रार देता येते. तक्रार लवकर गेली तर पैसे पुढच्या खात्यातच अडवता येण्याची शक्यता असते. ते एकदा काढले गेले की वाट कठीण. बँकेचा पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरूनच बदलावा. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमाप्रमाणे, ग्राहकाने स्वतःच गुप्त माहिती दिल्यामुळे नुकसान झाले, तरी बँकेला कळविल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे असते. कळविण्यापूर्वीचे मात्र ग्राहकाचे. हा नियम सहकारी बँकांनाही लागू केलेला आहे. बँकेला कळविल्याचा क्रमांक आणि वेळ लिहून ठेवावी. आणि मागाहून कोणी फोन करून, तुमचे गेलेले पैसे मिळवून देतो, आधी फी भरा, असे म्हणाला, तर तो त्याच टोळीचा नाहीतर तिचा मावसभाऊ समजावा.

गट ऑफिसांत दर मंगळवारी दुपारी तीन ते पाच या वेळात संगणक लिपिक सभासदांचे लॅपटॉप व मोबाईल पाहून देतील. नोटिफिकेशनची यादी कशी साफ करायची हे ते दाखवतील. हात मात्र सभासदाने किंवा त्याच्या घरच्या माणसाने स्वतः चालवायचा आहे. पासवर्ड आणि ओटीपी लिपिकालाही सांगू नये. फी नाही. वसई-विरारला राहणाऱ्या सभासदांसाठी वारस नोंदीच्या पुढच्या फेरीत हाच चिटबॉय आमच्याबरोबर येणार आहे. ज्यांच्या यंत्रावर अशी पेटी आली असेल त्यांनी ती मोबाईलने टिपून ठेवावी, म्हणजे तो आल्यावर काम लवकर उरकेल.